एकशे आठ तांडे

हिंगोली, ४ सप्टेंबर

प्रिय अय्याज,

सगळ्यात आधी माझी तक्रार नोंदवून घे. जागतिक पातळीवर नोंदवता येत असेल तर फारच चांगलं, कारण इथं तिची दाद लागायची आशा मी सोडली आहे. गेले अकरा दिवस माझा टॉवेल वाळलेला नाही. छापखान्याच्या वर आम्ही राहतो, त्या गॅलरीला मला न विचारता तीस फुटांचा फ्लेक्स बांधून ठेवला आहे. फ्लेक्सवर विश्वंभरराव हात जोडून उभे, त्यांच्या मागं पृथ्वीचा गोल, गोलाच्या मागं तुमच्या जिनिव्हाचं तळं, तळ्यात दोन राजहंस, आणि काठावर अभिनंदन करणारे बेचाळीस कार्यकर्ते, त्यांतले एकोणतीस गॉगल लावलेले. साहेबांचा डावा कान नेमका माझ्या दोरीवर येतो. ऊन नाही, वारा नाही. रोज सकाळी मी ओल्या टॉवेलनं ओलं अंग पुसतो आणि होतो तेवढाच ओला राहतो. त्यांचे स्वीय सहायक दिपकराव यांना फोन करून म्हटलं, कान जरा सरकवता आला तर बघा. ते म्हणाले, "भाऊ, साहेब आता जगाचे झाले, आन तुमी टॉवेलाचं धरून बसलात." मी फोन ठेवला. जगापुढं टॉवेल म्हणजे काय, हे मलाही पटलं.

झाली चेष्टा. आता तुझ्या मेलकडं येतो. तो येऊन तेवीस दिवस झाले आणि मी त्याला 'मिळाला, बघतो' एवढ्या दोन शब्दांवर बसवून ठेवलं आहे. तू लिहिलंस की जागतिक पेयजल परिषदेच्या अध्यक्षपदी विश्वंभररावांची निवड व्हायच्या आधी तू आणि तुझ्या एका सहकारी बाईंनी लेखी हरकत घेतली होती. हरकत साधी होती. उमेदवाराच्या कागदांत एकशे आठ तांडे रोगमुक्त केल्याचा दावा आहे, त्या तांड्यांची यादी द्या. यादी आली नाही, निवड झाली, आणि आता अध्यक्षांची बदनामी केली म्हणून तुझीच चौकशी लागली आहे. एकोणीस तारखेला सुनावणी. तोवर काही हाती लागलं नाही तर सोळा वर्षांची नोकरी जाणार, आणि तिच्यापाठोपाठ घर, लेकरांची शाळा, तिथं राहायचा परवाना. बाई राजीनामा देऊन मोकळ्या झाल्या. तू मला एवढंच विचारलंस, की दाव्याला पुरावा म्हणून जोडलेलं ते मानपत्र कुणी लिहिलं आणि एकशे आठ हा आकडा कुठून आला, तेवढं शोधून काढ. जिल्ह्यात तुझ्याइतक्या ओळखी कुणाच्या नाहीत, असंही वर लिहिलंस.

तुझ्या अम्मी, माझ्या चाची, परवा छापखान्यात आल्या होत्या. गुडघे धरून तीन पायऱ्या चढल्या, कागदाच्या रिमांवर बसल्या आणि म्हणाल्या, "भागवत, अय्याज फोनपे हसताच नहीं आजकल. उसकी नौकरी जाती क्या रे?" मी म्हटलं, न्हाई चाची, मोठ्या हापिसात असं चालतंच. त्यांनी माझ्याकडं बघितलं. रहमतबींच्या हातची खिचडी खाऊन मी दहावी झालो, त्यांच्याशी खोटं बोलताना मला अजून मान खाली घालावी लागते. त्या जाताना म्हणाल्या, "तेरे पास कलम है, कुछ लिख." माझ्या लिहिण्यावर एवढा भरवसा असलेलं माणूस जिल्ह्यात आता ते एकच उरलं असेल.

इथल्या बातम्या देतो. निवडणुकीत विश्वंभरराव पडले ते तुला माहीत आहे. त्यानंतर त्यांचं पुनर्वसन व्हायला हवं, अशी कुजबुज सुरू झाली. धरणात बुडालेल्या गावाच्या पुनर्वसनाला दोन पिढ्या लागतात, निवडणुकीत बुडालेल्या माणसाचं आठ महिन्यांत होतं. आधी एका महामंडळाचं नाव आलं, मग राज्यपालपदाचं, आणि एक दिवस दिपकराव छापखान्यात येऊन म्हणाले की साहेबांना एकदम वर टाकून राहिले, जगाच्या पाण्यावर. मी विचारलं, जगाच्या पाण्याचं साहेबांना काय कळतं? ते म्हणाले, "भाऊ, कळणारे पगारावर असतात. साहेबाला फकस्त बसायचं." म्हणजे कळणारा तो तू. तुमच्याकडच्या मतदानाचं तू फोनवर सांगत होतास, या देशानं त्याला बंदराच्या समितीवर मत द्यायचं, त्यानं याला पाण्याच्या. चार बेटांच्या प्रतिनिधींना अभ्यासदौऱ्यावर नेऊन ठेवलं ते थेट मतदानाच्या दिवशीच परत आणलं. तू रागानं सांगत होतास आणि मला घरच्यासारखं वाटून राहिलं होतं. इथं सोसायटीच्या चेअरमनसाठी तेरा सदस्यांना सहलीला नेतात, त्यांचे फोन काढून घेतात आणि मतदानाला टोप्या घालून आणतात. तुमच्याकडं टोप्या नसतात, एवढाच फरक मला कळला.

ही सगळी गंमत मी माझ्या साप्ताहिकात लिहिली नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. दर शुक्रवारी कुणाच्या ना कुणाच्या नेमणुकीची टोपी उडवणारा मी या नेमणुकीवर गप्प का, असं तुला वाटलं नसेल असं नाही. तू विचारलं नाहीस. तुझी ती सवय तुझ्या अब्बांची, नासेरचाचांची आहे.

चाचांची फार आठवण येते. हापशांची दुरुस्ती करायला ते सायकलवर निघायचे, मागं आपण दोघं, मधे लोखंडी नळ आडवा. रूपसिंगच्या तांड्यावरचा तो हापसा तुला आठवतो ना, औंढ्याच्या पुढं, सिद्धेश्वरच्या वाटेवरून आत. चाचा तिथलं पाणी पहिल्यांदा स्वतः प्यायचे, तोंडात घोळवायचे, मग म्हणायचे, मीठा है, गहरा है. रूपसिंग आपल्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, तो दांडा मारायचा आणि आपण धारेखाली डोकं घालायचो. तू पाण्याचा शास्त्रज्ञ झालास त्याचं मूळ त्या हापशात आहे असं मी तुझ्यावरच्या लेखात लिहिलं होतं, आणि तू म्हणालास की मूळ चाचांच्या शिव्यांत आहे.

पाच वर्षांपूर्वी विश्वंभरराव मंत्री असताना तांड्यावर शुद्ध पाण्याचं यंत्र बसवलं. स्टीलचा नळ, वर साहेबांचा फोटो. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ठेकेदाराच्या माणसांनी हापशाचा दांडा काढून नेला. लोक जुन्या सवयीनं हापशावर जातील आणि यंत्राचे आकडे पडतील, म्हणून. चाचा तेव्हा थकले होते, तरी रिक्षा करून गेले आणि ठेकेदाराला म्हणाले, तुमचं यंत्र खुशाल चालवा, पण हापसा मारू नका, तो तकलीफ देत नाही. त्यांना हसून चहा पाजला आणि परत पाठवलं. नवव्या दिवशी यंत्राची मोटार जळाली. दुरुस्तीऐवजी ठेकेदारानं टाकीला ओढ्याकाठच्या विहिरीचा पाइप थेट जोडून दिला. पाणी त्याच स्टीलच्या नळातून, त्याच फोटोखालून यायचं. तांड्यातल्या बायांनी पाणी उकळायचं सोडून दिलं होतं, कारण फिल्टरचं पाणी कशाला उकळायचं. पावसाळ्यात कावीळ आली. बाकीच्यांची बरी झाली. गरोदर बाईला ती कावीळ कशी असते हे तुला मी सांगायला नको. पंधरा दिवसांत चौघी गेल्या. त्यांतली एक रूपसिंगची धाकटी सून, प्रतिक्षा, वय बावीस, सातवा महिना. हिंगोलीहून नांदेडला नेताना वाटेत गेली. कुठल्याच कागदावर पाण्याचं नाव आलं नाही.

हे तुला चाचांनी अर्धंच सांगितलं होतं. दांडा काढल्याचं सांगितलं, चौघींचं सांगितलं नाही. तू परदेशातून भांडत बसशील आणि नोकरी घालवशील, म्हणून. पूर्ण मला सांगितलं. मी काहीतरी करीन म्हणून सांगितलं.

आता मानपत्राबद्दल. तिथल्या लोकांना ते कसं समजवायचं मला कळत नाही, पण प्रयत्न कर. आपल्याकडं माणूस साठ वर्षांचा झाला की त्याला शाल, श्रीफळ आणि चौकटीत बसवलेलं मानपत्र देतात. ते कुणीतरी मोठ्यानं वाचतं, तोवर बाकीचे मांडवात जेवणाचा वास घेत बसतात. मानपत्रात लिहिलेलं कुणी खरं धरत नाही, जसं लग्नपत्रिकेत मामा 'सर्वांनी यायचं हं' म्हणतो ते धरत नाही. खाली लिहिणाऱ्याचं नाव नसतं. 'आपले नम्र, समस्त हिंगोलीकर नागरिक' एवढंच असतं. दिपकराव साहेबांच्या साठीच्या वेळी म्हणाले होते की मजकूर गोड आहे पण एखादा आकडा टाका, साहेबांना आकडा आवडतो. लिहिणाऱ्यानं मग जपमाळेचे मणी असतात तेवढे तांडे घातले. वाक्य कानाला बराबर लागलं. "हे जलभगीरथ, आपल्या करस्पर्शाने या जिल्ह्यातील एकशे आठ तांडे जलजन्य व्याधींपासून कायमचे मुक्त झाले, आणि आपल्या कारकिर्दीत पाण्यापायी एकही दिवा विझला नाही." पुढं साहेबांच्याच कॉलेजातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी त्याचा अनुवाद केला. दिवा विझला नाहीचं 'एकही मृत्यू नोंदला गेला नाही' झालं. समस्त हिंगोलीकर नागरिक म्हणजे एक नोंदणीकृत संस्था झाली. भगीरथ वगळला, आकडा ठेवला. तुमच्या निवड समितीतल्या सभ्य माणसांनी तो वाचला आणि त्याचा तक्ता काढला. आता तू म्हणतोस की परिषद 'एकशे आठ प्रारूप' नावाखाली सात देशांत हेच करणार आहे. यंत्र बसवायचं आणि जुने हापसे बंद करायचे.

तुला आत्तापर्यंत समजलं असेल. तुला समजावं म्हणूनच मी इतक्या आडवळणानं येऊन राहिलो होतो, म्हणजे मला ते सरळ लिहावं लागणार नाही. पण लिहायला हवं. मानपत्र मी लिहिलं. चौकटीचा कागद माझ्या छापखान्यातला आहे, सोनेरी शाई माझी आहे, मणी माझे आहेत. प्रतिक्षा जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं आणि मला ते माहीत होतं. 'एकही दिवा' हे शब्द लिहिताना मी थांबलो होतो. थोडा वेळच. मग मला वाटलं की मानपत्र कोण वाचतं.

का लिहिलं, तेही सांगतो, नाहीतर तू माझ्यासाठी एखादं चांगलं कारण शोधून काढशील. वैष्णवी साहेबांच्या कॉलेजात तीन वर्षं तासिकांवर शिकवत होती. मानपत्र वाचलं गेलं त्या महिन्यात ती कायम झाली. मला कुणी अट घातली नव्हती. दिपकराव एवढंच म्हणाले होते, "ताईचं बी आपल्या ध्यानात हाय." दुसऱ्यांच्या पोरांच्या नेमणुकांवर मी आयुष्यभर कागद काळे केले. माझ्या पोरीच्या नेमणुकीवर एक ओळ पुरली, आणि ती सोनेरी शाईत होती.

तुझा मेल आला तेव्हापासून मी शोध घेऊन राहिलो असं तुला वाटलं असेल. काही दिवस मी स्वतःलाही तसंच सांगितलं. शेवटी परवा वैष्णवीला समोर बसवून सगळं बोललो. ती लगेच चिडली नाही. म्हणाली, "बाबा, तेव्हा तुम्ही माझ्या नावानं घेतलं, तेव्हा मला विचारलं नाही. आता माझ्या नावानं परत करायचं तर विचारून राहिलात?" मी म्हटलं, विचारतोय. ती म्हणाली, "मी नाही म्हटलं तर गप्प बसणार का? तेवढं सांगा." उत्तराची वाट तिनं बघितली नाही. ती उठली, आत गेली, भांडी घासली. मग बाहेर येऊन कॉम्प्युटरसमोर बसली आणि म्हणाली, "सांगा, काय टाइप करू. फुलं नको, नुसतं काय झालं ते." दोन दिवस ती माझ्याशी बोललेली नाही, पण टाइप केलेलं तीनदा तपासलं आहे.

काल मी तांड्यावर गेलो. वीस मिनिटं रस्त्यावर उभा राहिलो आणि मग आत गेलो. यंत्र आता नाही, टाकी आहे, फोटोचा उन्हानं पांढरा झालेला पत्रा आहे. हापशाचा खांब दांड्याशिवाय तसाच उभा आहे, त्याला कुणीतरी शेळी बांधली होती. रूपसिंगनं खाट टाकली. मी मानपत्राचं सांगितलं, वाक्य वाचून दाखवलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "काहून लिव्हलं भागवतभाऊ?" मी वैष्णवीचं सांगितलं. तो म्हणाला, "लेकरासाठी व्हय." त्यात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. त्यानं चौघींची नावं सांगितली, वयं सांगितली, कुणाला कितवा महिना होता ते सांगितलं, आणि कागदावर सही केली. सही करायला त्याला बराच वेळ लागतो. निघताना म्हणाला, "तुमचं ते छापायचं राहिलं व्हतं." मी विसरलो होतो, अय्याज. प्रतिक्षा गेली त्या आठवड्यात तो छापखान्यात आला होता, तिच्या माहेरच्यांना दाखवायला पेपरात चार ओळी हव्या होत्या. मी म्हटलं होतं, पुढच्या शुक्रवारी. पुढचा शुक्रवार साहेबांच्या वाढदिवसाच्या विशेषांकाचा होता, जाहिरातींनी भरलेला. त्यानंतर तो कधी आला नाही आणि मीही कधी गेलो नाही.

हे पत्र त्या एकोणीस तारखेसाठी आहे. सोबत नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र आहे, आठ वाक्यांचं: मानपत्र मी लिहिलं, एकशे आठ हा आकडा मी बनवला, तांड्यांची यादी कधीच नव्हती, चार मृत्यू मला माहीत होते, आणि त्यांची नावं. रूपसिंगच्या सहीचा कागद वेगळा आहे. हा माणूस कोण आणि आत्ताच का बोलतो, असं समितीनं विचारलं तर हे पत्र त्यांना वाचून दाखव, टॉवेलासकट. इंग्रजी तूच कर, त्या प्राध्यापकांना देऊ नको. त्यातलं माझ्याविरुद्ध जाणारं काही गाळू नको, तुला गाळावंसं वाटेल. यानं विश्वंभररावांची खुर्ची हलेल असं मला वाटत नाही. तुझी वाचेल, एवढं झालं तरी पुष्कळ, आणि सात देशांतले काही दांडे जागेवर राहिले तर चाचांना बरं वाटेल. पुढं इथं काय होईल ते होऊ दे, चाचींकडं मी स्वतः जाऊन सांगेन. आज शुक्रवार. या अंकात माझं सदर नाही. त्या जागी काळ्या चौकटीत चार ओळी आहेत: प्रतिक्षाचं नाव, वय, तांडा, आणि ती कुठलं पाणी पीत होती ते. अंक ओला असतानाच घेऊन गेलो. रूपसिंगनं नातवाकडून दोनदा वाचून घेतला, घडी केली आणि रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवला. आणखी दोन प्रती मागितल्या, माहेरच्यांसाठी. मी दिल्या.

तुझाच, हे वाचूनही तुला म्हणावंसं वाटलं तर,
भागवत